डाकोटाची उजवी बाजू

नारायण भिकाजी गावंडे यांच्यावर अन्याय झाला. गेल्या वर्षी, पोळ्यानंतरच्या चौथ्या दिवशी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, आमच्या आर्णीतल्या एका वाचनालयात. ही वेळ माझ्या मनाची नाही. वाचनालयाच्या नोंदवहीत 'जाण्याची वेळ' या रकान्यात त्यांनी स्वतः ती लिहिली आहे, फुटपट्टी लावून ओढल्यासारख्या सरळ आकड्यांत, आणि पुढे सही केली आहे. त्याआधीची दोन वर्षं त्या रकान्यात रोज एकच वेळ दिसते : एक वाजता. अन्याय करणारी मी. पत्रक लिहायला शिकवतात तेव्हा पहिल्यांदा हेच शिकवतात की 'चूक झाली' असं लिहायचं नाही, कोणी केली ते लिहायचं. आजवर मी हा नियम दुसऱ्यांसाठी वापरला.

गावात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींची आमची एक कृती समिती आहे. तिची पत्रकं मी लिहिते. वाचनालयात चार संगणक होते, त्यातले दोन कायम आजारी. उरलेल्या दोन्हींवर वीस-पंचवीस जणांचे फॉर्म, निकाल, सराव पेपर. मुली टिपेश्वरकडच्या गावांतून पहिल्या एसटीने यायच्या आणि त्यांचा नंबर लागेपर्यंत परतीची गाडी निघून जायची. संगणक वाढवा ही आमची मागणी बरोबर होती. आजही आहे. पण मागणीला चेहरा लागतो, एक गुन्हेगार लागतो, नाहीतर पत्रक कोणी वाचत नाही. मी तो शोधत होते, आणि खिडकीत एक म्हातारा माणूस बसलेला होता.

रोज दहाला ते यायचे. पांढरा हाफ शर्ट, पायात वहाणा, वहाणा दारात काढून समांतर ठेवलेल्या. उत्तरेच्या खिडकीजवळचा मोठ्या पडद्याचा संगणक त्यांचा. बसण्याआधी ते खिशातून पत्र्याच्या डब्याचं एक जुनं झाकण काढायचे. आधी ते खिडकीच्या उजेडात धरायचे, मग पडद्याशेजारी, आणि अर्धा मिनिट तसेच थांबायचे. मी हे बाहेरून, गजांमधून पाहिलं होतं. एक म्हातारा संगणकाला झाकण दाखवतो आहे आणि पडद्यावर विमान आहे. मैत्रिणीला म्हटलं, "पाह्य व, आजोबा विमानाले नैवेद्य दाखवून राह्यले." आम्ही पोट धरून हसलो. आत जाऊन विचारलं नाही. आत जायला सात पावलं लागली असती.

पत्रकाचा मथळा होता : 'वाचनालय कुणाचं? पोटासाठी शिकणाऱ्या पोरांचं की विमान उडवणाऱ्या पेन्शनरांचं?' खाली लिहिलं, एक सेवानिवृत्त गृहस्थ सर्वांत चांगला संगणक अडवून रोज तीन तास विमानाचा गेम खेळतात, आणि गरिबाची लेक दाराबाहेर उभी राहते. नाव टाकलं नाही. गरज नव्हती, खिडकी लिहिली होती. आठवडी बाजारात पत्रक वाटलं. चहाच्या टपरीवर लोकांनी ते मोठ्याने वाचलं. पत्रक असं वाचलं जावं म्हणून तर आम्ही झिजतो. दोन दिवसांत संचालक मंडळाने ठराव केला : संगणक फक्त विद्यार्थ्यांना. चौथ्या दिवशी ग्रंथपाल इंगळे मॅडमनी त्यांना तो ठराव दाखवला, त्यांनी तो उभ्याने वाचला आणि वेळ लिहून निघून गेले. दुसऱ्या दिवशी संगणक दुरुस्त करणाऱ्याने येऊन ते यंत्र फॉरमॅट करून आतलं सगळं पुसून काढलं. आम्ही पेढे वाटले.

आठवड्याने ते आमच्या टेबलाशी आले. आम्ही बसस्टँडसमोर सह्यांची मोहीम लावली होती. हातात माझं पत्रक, चौघडी घातलेलं.

"हे तूच लिहिलं काय, पोरी?"

"हो. मीच."

"चांगलं लिहिलं. शुद्धलेखन बरोबर हाय. यात तीन गोष्टी खऱ्या हाय. मी पेन्शनर हाव, खिडकीपाशी बसतो, तीन तास बसतो. चौथी खरी नाई. मी गेम खेळत नाई."

"मग काय करता तिथे?"

"रंग देतो."

टेबलामागे कोणीतरी फिस्सकन हसलं. ते थांबले, हसणं संपू दिलं. मग म्हणाले, "माही एक फाइल होती त्या मशिनीत. कुठं गेली, तेवढं विचारशीन काय मंडळाले? तुह्यं ऐकतेत ते लोकं."

आणि मी, जी कलेक्टर कचेरीच्या पायऱ्यांवर उभी राहून सामान्य माणसाच्या सन्मानाबद्दल बोलते, ती मी म्हणाले, "काका, एवढं काय त्यात? गेम पुन्हा टाकून घ्या न. पोट्टे देतेत टाकून."

सगळे हसले. ते नाही हसले, रागावलेही नाहीत. "बरं," म्हणाले. पत्रक पुन्हा चौघडी घालून खिशात ठेवलं, जसं काही ते कामाचं कागदपत्र आहे.

दिवाळीच्या आधी इंगळे मॅडमनी मला बोलावलं. त्या कमी बोलतात. टेबलाच्या खणातून एक पेनड्राइव्ह काढून माझ्यासमोर ठेवला. "गावंडे काका दर शनिवारी यात आपलं काम उतरवून ठेवायचे. शेवटचे दोन महिने नाही उतरवलं, हा भरला होता. मी नवीन आणते म्हटलं होतं, माझ्याकडून राहिलं. तू पाहा आधी. मग तुला जे लिहायचं ते लिही." खण लावत म्हणाल्या, "तुमच्या अभ्यासिकेचा बोर्ड कोणी रंगवला? कपाटांवरचे नंबर? कधी विचारलंस? मी त्यांना बसू देत होते ते फुकट नाही." बोर्ड मला आवडायचा. मी त्याच्याखाली उभी राहून फोटोही काढला होता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मलाही नव्हतं. फ्लाइट सिम्युलेटर म्हणजे संगणकावर विमान चालवण्याचा सराव. जगभरची माणसं त्यात रमतात. त्यातल्या विमानांना रंग चढवणारे लोक वेगळे असतात. त्यांच्यासमोर विमान उभं नसतं, त्याचं कातडं सोलून सपाट पसरल्यासारखं चित्र असतं : इथे पंख, तिथे शेपूट, एका पानावर धडाची डावी बाजू, दुसऱ्यावर उजवी. त्यावर रंगवायचं. मग ते कातडं पुन्हा विमानाला बसतं आणि विमान त्या रंगात उडतं. कोणी प्रवासी विमानं रंगवतं, कोणी लढाऊ. गावंडे काका एकच विमान रंगवत होते. लढाईत सामान वाहणारा डाकोटा. दोन वर्षं, रोज तीन तास, एकच विमान.

पेनड्राइव्हमधलं पान मी उघडलं तेव्हा मला वाटलं हा फोटो आहे. हिरवा आणि मातकट तपकिरी असे मोठे, ओबडधोबड पट्टे. पट्ट्यांत ब्रशचे केस ओढल्याच्या रेघा. इंजिनामागे पंखावर तेलाचा काळा ओघळ, वाऱ्याने मागे पसरलेला. डाव्या बाजूला शेपटीजवळ सामानाचं रुंद दार, आणि त्या दाराच्या उंबऱ्याशी रंग घासून खालची चांदी उघडी पडलेली, कारण तिथून पोती ढकलली जायची. मी एकेक ठिकाण मोठं करून पाहिलं. दाराजवळ एका खिळ्याभोवती गंजाचा थेंबभर डाग होता. गेम खेळणारा माणूस खिळ्याला गंज लावत नाही.

दुसरं पान उघडलं, उजव्या बाजूचं. नाकाजवळ थोडा हिरवा. पुढे सगळं कोरं.

त्यांच्या घरी गेले तेव्हा काकूंनी दार उघडलं. मी नाव सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हंजे पत्रकवाली तूच काय व?" आणि आत ओरडल्या, "ऐकलं काय, तुमची पत्रकवाली आली!" काका पलंगावर बसले होते. त्यांनी मान वळवली आणि माझ्या थोडं डावीकडे पाहिलं. तिथे मला पहिल्यांदा कळलं. काचबिंदू. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, वर्ष, फार तर दीड. म्हणून ते घाई करत होते. म्हणून मोठा पडदा, आणि म्हणून उत्तरेची खिडकी. तिथला उजेड दहा ते एक बदलत नाही, रंग खरा दिसतो. मुलाने नागपुराहून लॅपटॉप आणून दिला होता, पण त्याच्या पडद्यावर हिरवा निळसर दिसायचा, आणि तोवर काकांना तोही फरक दिसेनासा झाला होता. पोळा ते दिवाळी. त्यांच्याकडे पाहण्याचे जेवढे दिवस उरले होते, तेवढे मी ठरावाने घेतले.

मी माफी मागितली. माफी मागायला मला जड जातं, भाषण द्यायला जात नाही, म्हणून तेही भाषणच झालं. व्यवस्था, मंडळ, संगणकांची टंचाई, सगळं आलं त्यात. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "तुले माऊस चालवता येते काय चांगला?"

"येतो."

"मंग उद्या दहाले ये. भाषन घरी ठेवून ये."

तो हिवाळा मी त्यांच्या पलंगाशेजारी काढला. ते सांगायचे, मी हलवायची. आधी त्यांनी मला बरंच विसरायला लावलं. इतरांनी रंगवलेले डाकोटा मी त्यांना हौसेने वर्णन करून सांगायची : काका, हा किती चकचकीत आहे, आरशासारखा! ते म्हणायचे, "तो लग्नाले चालला. लढाईले नाई." कोणाचे पट्टे अगदी सारखे कापलेले असले तर, "हे कागदावर रंगवलं, मंग विमान बनवलं." धूळ लावताना मी सगळीकडे सारखी लावली तर म्हणायचे, "विमान का उकिरड्यात लोळलं? धूळ चाकं उडवतेत. चाकाच्या मांगं पाह्य." घरात काकूंनी भाजीला मीठ जास्त घातलं तरी त्यांची तक्रार त्याच भाषेत, "आज एक हात जास्त बसला." काकू म्हणायच्या, "खरवडून खा मंग."

एकाहत्तरच्या लढाईत ते हवाई दलात होते, वय विशीच्या आतबाहेर. पूर्वेकडच्या एका तळावर. काम विमानं रंगवण्याचं. डाकोटा चांदीच्या रंगाचे, उन्हात मैलावरून चमकणारे. हुकूम आला, तीन दिवसांत सगळे झाका. रंग थोडा, विमानं जास्त. "भिंतीचा चुना लावतेत न, तसे ब्रश दिले आम्हाले," काका सांगायचे. "हिरवा पुरेना. पेट्रोल टाकून पातळ केला. मंग तो सुकला तर उडे, नाई सुकला तर ओघळे." या विमानाची डावी बाजू त्यांनी रंगवली. उजवी जोसेफने. जोसेफ केरळकडचा, डावखुरा, त्याचे ब्रशचे फटकारे उलट्या तिरप्या बाजूला जायचे. दोघांची भाषा एकमेकांना येत नव्हती, दोघांची हिंदी सारखीच वाईट. "एकाच विमानाले दोन अक्षरं होते," काका म्हणायचे, "समोरून पाह्यलं का कळे, हे दोघा जनांनं लिहिलं."

तिसऱ्या दिवशी पहाटे जोसेफचा हिरवा संपला. एका खिडकीखाली तळहाताएवढी चांदी उरली. डबा आणायला वेळ नव्हता, विमान भरून तयार होतं. जोसेफने त्या जागेवर आपला तळहात ठेवला आणि म्हणाला, "अब छुप गया." मग हात काढला आणि विमान गेलं. पूर्ण लढाईभर ते तसंच उडलं, उजव्या कुशीत तळहाताएवढी चमक घेऊन. लढाईनंतर जोसेफची बदली झाली. काकांनी दोन पत्रं टाकली, पत्ता तळाचाच होता, दोन्ही परत आली. त्या विमानाचा कोणी फोटो काढला नव्हता. काढला असता तरी तो काळा-पांढरा. हिरव्याचा नमुना तेवढा त्या जुन्या झाकणावर वाळून उरला होता, तोच ते पडद्याशी ताडून पाहायचे; पण विमानावर तो कुठे कसा बसला याची या जगात एकच नोंद होती, आणि ती आर्णीत एका माणसाच्या डोळ्यांत होती.

आता माझ्या गुन्ह्याचा नेमका आकार सांगते. तो तळहात कोणत्या खिडकीखाली होता? पुढून तिसऱ्या की चौथ्या? पोळ्याच्या आधीच्या दोन महिन्यांत काकांनी उजवी बाजू रंगवत आणली होती आणि शेवटी त्यावरच अडले होते. "चार दिवस तिसरीखाली ठेवला. खुपला. चार दिवस चौथीखाली ठेवला. विमान फिरवून फिरवून पाह्यलं, जोसेफ उभा होता तिथून पाह्यलं. अन् एक दिवशी बसलं, पोरी. आंगावर काटा आला माह्या. सेव्ह केलं अन् घरी आलो." तो दिवस ठराव त्यांच्या हाती पडण्याच्या आदला दिवस होता, आणि ते सेव्ह केलेलं यंत्रासोबत पुसलं गेलं.

"मग सांगा न काका, कोणती? मी आत्ता लावते."

"तेच तर आठवून राह्यलो तवापासून. डोयाले माहीत होतं, मले नाई. पाह्यल्याबिगर कसं सांगू?"

"चौथी असेल. चौथी लावू?"

"कायले? तुह्यं मन भरावं म्हून?"

मी म्हटलं, काका, कोणाला कळणार आहे, एका खिडकीचा फरक. त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला, या वेळी बरोबर माझ्याकडे. "जोसेफले कळन."

फेब्रुवारीत त्यांची नजर पूर्ण गेली. उजेड-अंधार एवढंच उरलं. डावी बाजू पुरी होती, पंख पुरे होते, उजवी नाकापासून पुढे कोरी. ते मला सांगून काम करून घेत, पण स्वतः पाहिल्याशिवाय 'झालं' म्हणत नसत, आणि आता पाहणं संपलं होतं. रोज दहाला मी जायची, आम्ही बसायचो, काम पुढे सरकायचं नाही. एक दिवस काकू मला अंगणात म्हणाल्या, "झोपेत विमानाचे पट्टे सांगतेत. कसंतरी पुरं कर व माय, जिवाले चैन पडन त्यायच्या."

मी ते केलं. रंगवणाऱ्यांची एक सोपी युक्ती असते. डावी बाजू आरशासारखी उलटवायची आणि उजवीवर चिकटवायची. दोन मिनिटांचं काम. मला वाटलं मी दया करते आहे. मी हुशारीही केली : उलटी झालेली अक्षरं आणि नंबर सुलटे केले, चौथ्या खिडकीखाली तळहाताएवढी चांदी ठेवली. दुसऱ्या दिवशी दहाला जाऊन म्हटलं, "काका, झाली उजवी बाजू. तुम्ही सांगितलं होतं तशीच, तिरप्या फटकाऱ्यांची."

त्यांचा चेहरा उजळला. खोटं बोलून कोणाचा चेहरा असा उजळवणं किती सोपं असतं, हे मला तेव्हा कळलं. काकूंना हाक मारली, "अवं ऐकलं काय, झालं विमान!" मला म्हणाले, "उडव."

मी उडवलं. इंजिनांचा आवाज खोलीभर झाला. ते मान किंचित वर करून ऐकत होते.

"उजवीकडून पाहून राह्यली न?"

"हो काका."

"ऊन कुठून हाय?"

"मागून."

"मांगचं दार चमकते काय उन्हात?"

"हो," मी म्हटलं. पडद्यावर खरंच चमकत होतं, उंबऱ्याशी घासलेल्या चांदीसकट. "मस्त दिसतं, काका."

इंजिनांचा आवाज चालू होता. काकू चहाचे कप घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"बंद कर ते," काका म्हणाले.

मी बंद केलं.

"डाकोटाले सामानाचं दार एकच. डाव्या बाजूले. उजवीकडे दार राह्यतच नाई, पोरी."

मी ते दार शंभरदा पाहिलं होतं. त्याच्या खिळ्याचा गंज पाहिला होता. डाव्या बाजूचं आहे हे मला पाठ होतं. मी त्याला उजवीकडे उघडलं आणि मस्त दिसतं म्हटलं.

मी काहीतरी बोलू लागले, तुमच्यासाठी, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. त्यांनी हात वर केला. आवाज चढला नाही. "पत्रक लिहिलं तवा तुले माहीत नव्हतं. आज तुले माहीत होतं."

चहा तसाच राहिला. घरी येताना मी स्टँडवरच्या आमच्या टेबलापुढून गेले, पोरं हाका मारत होती, मी थांबले नाही. आजवर मी किती पत्रकांत आरसा लावून दुसरी बाजू पूर्ण केली असेल, हे मोजत गेले. एक कोपरा दिसला की त्यावरून पूर्ण माणूस छापायचा, हेच तर मला चांगलं जमतं.

आठ दिवसांनी काकूंचा फोन आला, "ये म्हनतेत." गेले. त्यांनी एवढंच विचारलं, "पुसलं?"

"पुसलं. नाकापासून पुढे सगळं."

"चांदीच ठेव. चांदी खोटी नाई, त्याच्याखाली व्हतीच." मग काकूंना म्हणाले, "इले जेवू घाल. वाळली पत्रक लिहून लिहून." क्षमा केली असं ते म्हणाले नाहीत, मीही ते गृहीत धरत नाही. त्यानंतर मी जात राहिले. माऊसला हात लावला नाही. मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची आणि ते मध्येच अडवून विचारायचे, "हे लिहिनारा तिथं गेलता काय?" बहुतेकदा तो गेलेला नसायचा.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दुपारी ते गेले. ऊन इतकं होतं की अंत्ययात्रेला माणसं पन्नासही नव्हती. पंधरवड्याने वाचनालयात शोकसभा झाली. ज्या मंडळाने ठराव केला होता, त्याच मंडळाच्या अध्यक्षांनी त्यांना 'आपल्या गावाचं भूषण' म्हटलं, आणि 'त्यांचा छंद' या शब्दांवर थोडे घुटमळले, कारण त्यांना तो काय होता हे ठाऊक नव्हतं. उठून दोन शब्द सुनावावेत असं वाटलं. दोन शब्द म्हणजे काय? ठराव त्यांचा, पत्रक माझं. कोणत्याही चौकात माइक न मागता बोलणारी मी त्या दिवशी खुर्चीला धरून बसले. इंगळे मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी मान खाली घातली. तीच माझी श्रद्धांजली होती, आणि ती अपुरी होती.

काकूंच्या परवानगीने मी तो डाकोटा सिम्युलेटरवाल्यांच्या संकेतस्थळावर ठेवला. डावी बाजू पूर्ण, उजवी नाकामागे उघडी चांदी. खाली लिहिलं : डावीकडे नारायण गावंडे यांचा हात, उजवी बाजू जोसेफ यांची, ती आम्हाला ठाऊक नाही. कुठल्या कुठल्या देशांतून लोकांनी तो उतरवून घेतला. बहुतेक जण एकच सुचवतात : डावी उलटवून उजवीला लावा, दोन मिनिटांचं काम आहे. मी प्रत्येकाला 'नाही' लिहिते. खाली दाराचं कारण देते.

आता तुम्हाला विचारते. एकाहत्तरच्या त्या हिवाळ्यात पूर्वेकडच्या तळांवर डाकोटा भरणारे, ढकलणारे, रंगवणारे, त्यात बसणारे लोक आपल्याच गावांतून गेले होते. उमरखेडचे असतील, राळेगावचे असतील. त्यातले काही अजून आहेत. एखाद्याच्या ओसरीवर बसले असतील आणि घरातलं कोणी त्यांना काही विचारत नसेल. तुमच्या घरी असं माणूस असेल तर आज संध्याकाळी त्याच्याजवळ बसा. मोबाइल बाजूला ठेवा. विचारा : चांदी उघडी राहिलेला एक डाकोटा पाहिला होता का? उजव्या बाजूला, तळहाताएवढी? पुढून तिसऱ्या खिडकीखाली की चौथ्या? आणि जोसेफ नावाचा डावखुरा रंगारी माहीत आहे का? उत्तर मिळालं तर आमच्या वाचनालयात आणून द्या, त्यांच्या शब्दांत, तुमचा एक शब्द न घालता. त्यांनी स्वतः पाहिलं नसेल, तर ती जागा मोकळी राहू द्या.